मोजणारीची उष्णता

ताईंनी सव्वीस वर्षं वजनं मोजली आणि त्यांची अधिकृत सही असलेलं एकही सर्टिफिकेट या जगात नाही. हे मी एकदा आमच्या साहेबांसमोर बोलले होते. साहेब म्हणाले, "सही नसली म्हणून काय झालं? काम त्यांचंच आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे." सगळ्यांना म्हणजे नक्की कुणाला, हे मी विचारलं नाही. मलाही त्याच लॅबमध्ये नोकरी करायची होती.

आमची लॅब वजनांचं वजन करते. ऐकणाऱ्याला आधी ही थट्टाच वाटते. पण दुकानदाराचं वजन खरं आहे का, हे कुणीतरी आपल्या पेटीतल्या वजनाशी ताडून बघतो. त्याच्या पेटीतलं वजन खरं आहे का, हे आणखी कुणी बघतो. असं वर वर चढत गेलं की एका पायरीवर आम्ही बसलेलो असतो. औषधांच्या कारखान्यांतून, इस्पितळांच्या लॅबमधून, सरकारी कचेऱ्यांतून लाकडी पेट्या येतात. आत मखमलीच्या खळग्यांत चकचकीत वजनं झोपलेली असतात. आम्ही त्यांना उठवतो, मोजतो, पुन्हा झोपवतो आणि सोबत एक कागद देतो. कागदाच्या तळाशी दोन रेघा असतात. डावीकडे 'मोजणी करणार', उजवीकडे 'अधिकृत स्वाक्षरी'. डावीकडे फक्त दोन आद्याक्षरं लिहायची. उजवीकडे पूर्ण नाव, सही आणि शिक्का. काही चुकलं तर उजवीकडच्याला विचारतात. काही बरोबर आलं तरी त्यालाच.

ताई सव्वीस वर्षं डावीकडे होत्या.

त्यांना सगळे ताईच म्हणायचे. साहेब त्यांच्याहून सात वर्षांनी मोठे, तेही ताई. पेट्या उचलणारे ताई म्हणायचे, हिशेबनीस ताई म्हणायचा, आणि मी आठ वर्षांपूर्वी नोकरीला लागले तेव्हा पहिल्या दिवसापासून मीही तेच म्हणायला लागले. आता वाटतं, एखाद्या बाईला ताई म्हटलं की तिला बाकी काही द्यावं लागत नाही, अशी काहीतरी सोय त्यात असावी.

आमच्या वजनखोलीला दोन दारं आहेत, एकामागे एक. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. बाहेर उघडणारी खिडकी नाही. मी बाहेरच्या खोलीत संगणकासमोर बसते, तिथून आत बघायला तळहाताएवढी काच आहे. आत मध्यभागी दगडी ओटा, त्याला जमिनीतून आलेला स्वतःचा खांब, म्हणजे कुणी पाय आपटला तरी तो हलत नाही. ओट्यावर काटा. आम्ही त्याला काटाच म्हणतो, पण त्याला मायक्रोग्रॅम कळतो. बोटाचा ठसा आपल्याला दिसतो फक्त, आमच्या काट्याला तो जड लागतो. म्हणून वजनाला हात लावायचा नाही, चिमट्याने उचलायचं. वीस अंश तापमान, ना वर ना खाली. भिंतीवरचा सेन्सर दर मिनिटाला आकडा पाठवतो आणि माझ्या पडद्यावर एक रेघ उमटत राहते. ती आडवी आणि सपाट असली की आमचा दिवस चांगला.

आत गेल्यावर लगेच काम सुरू करता येत नाही. वीस मिनिटं नुसतं बसायचं. माणूस म्हणजे चालती शेगडी, तिची खोलीला सवय व्हावी लागते. मग प्रमाण वजन, गिऱ्हाइकाचं वजन, पुन्हा गिऱ्हाइकाचं, पुन्हा प्रमाण. असे दहा फेरे. दीड तास खुर्चीवरून उठायचं नाही, खोल श्वास सोडायचा नाही, बोलायचं तर नाहीच. मला शिकवताना ताई म्हणाल्या होत्या, "घरी भांडून आली असशील तर आत येऊ नकोस. धापा टाकत आली असशील तर नको, हसत आली असशील तरी नको. काट्याला कळतं." मला ते तेव्हा फार भारी वाटलं होतं. रोज दीड दीड तास असं बसून माणसाचं काय होतं, ते पुढे कळलं. जिभेवर काहीतरी येतं आणि तिथेच निवून जातं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

सहीची गोष्ट पहिल्यांदा निघाली तेव्हा ताईंना सातवा महिना होता. "बाळंतपण उरकू द्या, मग बघू," असं तेव्हाचे साहेब म्हणाले. बाळंतपण उरकून त्या परत आल्या तर उजवीकडच्या रेघेवर एक गृहस्थ बसलेले. त्यांना चिमटा धरायला ताईंनी शिकवलं. दुसऱ्या वेळी मुलाखत झाली. समितीने विचारलं, दौऱ्यावर जावं लागलं तर घरी मुलीला कोण बघेल? ताईंनी सांगितलं, तिचे वडील बघतील. समितीतले तिघेही हसले, असं ताई म्हणतात, आणि त्यांना आजही कळलेलं नाही की त्यात विनोद काय होता. तिसऱ्या वेळी आत्ताचे साहेब बाहेरून आले. हे मात्र भले माणूस. पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, इथलं सगळं तुम्हालाच माहीत. मला सांभाळून घ्या." ताईंनी अकरा वर्षं सांभाळून घेतलं.

साहेब निवृत्त व्हायला तीन महिने उरले तेव्हा त्यांनी ताईंना आणि मला खोलीत बोलावलं. "या वेळी तुमचंच नाव पाठवलंय. एकच नाव. पाच आठवड्यांनी मुख्यालयातून तपासनीस येतील. एक मोजणी डोळ्यांदेखत करून दाखवायची, चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. झालं. तुमच्याहून बरं कोण करणार?"

ताई म्हणाल्या, "बरं."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अहो ताई, बरं काय? आनंद नाही झाला?"

"होईल. कागद हातात आला की होईल."

त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. खरंच काही नव्हतं तिथे. लपवलेलंही नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात माझ्या पडद्यावरच्या रेघेला टेंगूळ आलं.

टेंगूळ म्हणजे काय, तर एका अंशाचा दहावा भाग. सात-आठ मिनिटांत रेघ वर जाऊन हळूहळू खाली यायची. तेवढ्यात काट्याचे आकडे भरकटायचे. आम्हाला जेवढी मुभा होती तिच्या दुप्पट. मोजणी बाद, दीड तास पाण्यात. एकदा झालं, सोडून दिलं. मग दुसऱ्या दिवशी दोनदा. मग सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, आणि मग एक पूर्ण दिवस काहीच नाही. वेळ ठरलेली नाही, कारण दिसत नाही. साहेबांच्या डोक्याला ताप झाला. तपासनिसाला ही रेघ दाखवली असती तर बारीक वजनांची मोजणीच आमच्याकडून काढून घेतली असती, मग सही कसली आणि कुणाची.

आम्ही सगळीकडे शोधलं. दाराचं रबर बदललं. दिवे बदलले. सेन्सर काढून दुसरा लावला, टेंगूळ तसंच. रस्त्यावरच्या ट्रकवर संशय घेतला, शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या पंपावर घेतला. साहेबांनी एक दिवस सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले, तर टेंगूळ आणि हिशेबनिसाच्या बायकोचा राग, दोन्ही त्याच दिवशी आले.

शेवटी खापर फुटलं ते एसीवाल्या काकांवर. काका साठीचे. लॅब उभी राहिली तेव्हापासून तेच ती यंत्रं बघतात. त्यांनी तीनदा येऊन नळकांडी उघडली, धुतली, लावली. तिसऱ्यांदा हात पुसत म्हणाले, "साहेब, माझ्या यंत्राचा दोष नाही. आत काहीतरी तापतंय. बल्ब पेटल्यासारखं, आणि विझतंय."

"आत काय तापणार? आत दगड आहे, काटा आहे आणि ताई आहेत," साहेब म्हणाले. "तुमच्याकडून होत नसेल तर सांगा. दुसरा माणूस बघतो."

हत्यारं पिशवीत भरताना काकांनी त्या तळहाताएवढ्या काचेतून एकदा आत पाहिलं. मी ते पाहिलं आणि मलाही बघावंसं वाटलं.

मी तीन दिवस बघितलं. एका रद्दी कागदाच्या पाठीवर वेळा लिहिल्या. ताई पुतळ्यासारख्या बसलेल्या असत. मग मध्येच एप्रनची कॉलर दोन बोटांनी गळ्यापासून दूर धरत. मान लाल. वरच्या ओठावर चमक. साधारण दोन मिनिटांनी माझ्या पडद्यावर रेघ वर चढायला लागे. तीन दिवसांत अकरा टेंगळं आणि अकरा वेळा कॉलर. माझ्या आईचं हेच झालं होतं तेव्हा ती फ्रिजचं दार उघडून समोर उभी राहायची, आणि आम्ही भावंडं तिला हसायचो.

कळल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. आधी काय वाटलं ते सांगते. आधी वाटलं, ताई नाहीत तर मग मीच. लॅबमध्ये मोजणी येणारी दुसरी कुणी नव्हतीच. हा विचार आला आणि काही क्षण चांगला बसला, पाय पसरून. मग मी त्याला हाकललं, पण त्याने घर पाहून ठेवलं होतं.

चार दिवस मी गप्प होते. असलं बोलायचं कसं? शेवटी जेवणाच्या सुट्टीत पेट्यांच्या कोठारात त्यांना गाठलं. मी कागद पुढे केला. त्यांनी वेळा वाचल्या, खिशातून पेन काढलं आणि तिसऱ्या ओळीत दुरुस्ती केली.

"हे अकरा बावीसला नव्हतं, अकरा चोवीसला होतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, माझंच अंग आहे. मला नाही कळणार तर कुणाला?" त्या एका पेटीवर बसल्या. "पाच महिने झाले. आधी वाटलं, हे फक्त मला कळतंय. घरी रात्रीचा पंखा लावला तर हे म्हणतात, थंडी वाजते, बंद कर. मुलीला सांगितलं, तर ती म्हणाली, आई, सगळ्या बायकांना होतं. डॉक्टर म्हणाले, वय आहे. म्हणजे बघ, नवऱ्याला कळलं नाही, मुलीला कळलं नाही, डॉक्टरला कळलं नाही. कळलं ते काट्याला."

मी हसले. त्याही जरा हसल्या. त्या कोठारात मला इतकं एकटं वाटलं की सांगता येत नाही, आणि मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते.

त्यांनी सगळं करून पाहिलं होतं. पातळ कपडे घातले. आत जायच्या आधी मनगटं गार पाण्याखाली धरली. एप्रनच्या आत ओला रुमाल ठेवला, तर दमटपणाचा आकडा वाढला, म्हणून तोही काढला. गोळ्या घेतल्या, त्यांनी चक्कर यायला लागली. भल्या सकाळी येऊन पाहिलं. सकाळी त्रास कमी होता. नव्हताच असं नाही.

"मग तपासनीस सकाळी आले तर?" मी म्हटलं.

"तर बहुतेक निभावेल."

साहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण त्यांनीही निभावून न्यायचा बेत केलाच होता. तपासणीआधी दोषाचा अहवाल द्यावा लागतो. काय बिघडलं, का बिघडलं, काय केलं. साहेबांनी मसुदा आणला. कारण: वातानुकूलन यंत्रणेतील बिघाड. उपाय: देखभालीचा माणूस बदलला. तळाशी डावीकडे ताईंनी आद्याक्षरं लिहायची होती. "तपासनीस सकाळी दहाला येतील," साहेब म्हणाले, "एक मोजणी सरळ आली की सुटलो. पुढच्या महिन्यापासून या रेघेवर तुम्ही."

ताईंनी कागद घेतला आणि म्हणाल्या, "उद्या देते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दिला तो वेगळाच कागद. एक नाही, सहा. कारणाच्या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: मोजणारीच्या शरीराची उष्णता. खाली तक्ता. टेंगूळ आल्यापासूनचे एक्केचाळीस प्रसंग. सुरुवात किती वाजता, रेघ कधी चढली, किती चढली, काटा किती भरकटला, सगळं पूर्ववत कधी झालं. शनिवारी दुपारी लॅब रिकामी असताना जुनी वजनं घेऊन त्या आत बसल्या होत्या आणि स्वतःला मोजत होत्या. एखादं नवं यंत्र आलं की आम्ही त्याचे गुणदोष जसे आधी तपासून घेतो, तसंच त्यांनी स्वतःला तपासलं होतं. शेवटी नियम: अंगात उष्णतेचा कढ जाणवला की वजन काट्यावरून उतरवावं, हात मांडीवर ठेवून अकरा मिनिटं थांबावं, मग फेरा पुन्हा सुरू करावा. अकरा मिनिटांनंतर एक्केचाळीसपैकी एकाही वेळी चूक उरली नव्हती.

साहेबांचा चेहरा वाचता वाचता लाल झाला, जणू कढ त्यांनाच आला. "ताई, हे... हे असं कशाला लिहायचं? हे खासगी आहे तुमचं."

"खासगी होतं तोवर मी लिहिलं नाही. आकड्यात उतरलं, मग ते माझं एकटीचं कसं राहील?"

"अहो पण तुमची सही..."

"साहेब, पहिली सही करायची आणि तिच्या आधीचा कागद खोटा, हे मला जमायचं नाही. आणि त्या काकांनी काय केलंय?"

आवाज नेहमीचाच होता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पडद्याकडे पाहिलं.

तपासनीस आले ते सभ्य, पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी सहाही पानं वाचली. दोनदा वाचली. मग मोजणी पाहायला माझ्या शेजारी काचेशी उभे राहिले. सकाळचे अकरा वाजले होते. चौथ्या फेऱ्यात ताईंची मान लाल झाली. निभावणार नव्हतंच. त्यांनी चिमट्याने वजन उतरवलं, हात मांडीवर ठेवले आणि समोर भिंतीकडे बघत बसल्या. तपासनिसांनी घड्याळ बघितलं. माझ्या पडद्यावर रेघ चढली, थांबली, उतरली. एक परका पुरुष काचेतून एका बाईचा घाम वाळायची वाट बघतोय, हे मी आठ वर्षांत त्या खोलीत पाहिलेलं सगळ्यात नागडं दृश्य. तरी मला तेव्हा लाज वाटली नाही, राग आला नाही. मी मिनिटं मोजत होते. अकरा झाली. ताईंनी चिमटा उचलला. पुढचे सगळे फेरे इतके नेमके आले की तपासनीस स्वतःशीच "वा" म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांनी ताईंना वाकून नमस्कार केला. "बाई, मी वीस वर्षं तपासण्या करतोय. दोषाचं मूळ असं शोधून काढलेलं मी पाहिलं नाही. हे सगळ्या लॅबना पाठवायला हवं." साहेबांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. दाराशी एसीवाले काका उभे होते, त्यांनीही. ताई म्हणाल्या, "चहा घेणार ना?" त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं. कागद हातात यायचा होता म्हणून त्यांनी ते परत आत घेतलं असावं.

कागद सोळा दिवसांनी आला. त्यात ताईंच्या प्रामाणिकपणाची, कसोशीची आणि दीर्घ सेवेची स्तुती एका परिच्छेदात होती. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की अहवालानेच दाखवून दिल्याप्रमाणे मोजणारीची सध्याची स्थिती मोजणीस बाधक असल्याने ती निवळेपर्यंत अधिकृत स्वाक्षरी कनिष्ठ अधिकाऱ्याकडे द्यावी. दोन वर्षांनी फेरविचार.

कनिष्ठ अधिकारी म्हणजे मी.

साहेब दोन दिवस जेवले नाहीत, असं सगळे म्हणत होते. पण पत्राला उत्तर त्यांनी 'आदेशाप्रमाणे' एवढंच लिहिलं, आणि महिनाभराने फुलं घेऊन निवृत्त झाले. मी नाही म्हणू शकले असते. तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं की मी हो म्हणायलाच हवं. मी घरी आले, नवऱ्याला सांगितलं, त्याने मला उचलून गरकन फिरवलं, आणि मला आनंद झाला. पुरता झाला. हे लिहायला लाज वाटते, पण तो खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताईंनी माझ्या टेबलाशी खुर्ची ओढली आणि सही करण्याआधी कागदावर काय काय तपासायचं ते ओळीने सांगितलं. अनुक्रमांक, तारीख, मखमलीचा रंगसुद्धा. मी म्हटलं, "ताई, तुम्हाला राग येत नाही?"

"येतो ना."

"मग?"

"मग काय? राग घेऊन आत बसता येत नाही. सव्वीस वर्षं तो बाहेर ठेवून आत गेले. परत येऊन बघते तर तो जागेवर नसायचा. आता शोधायला गेलं तरी सापडत नाही बाई." त्यांनी कागद सरळ केला. "ही तारीख बघ. महिना आधी लिहिलाय."

त्यांची बदली पेट्या स्वीकारण्याच्या टेबलावर झाली. तिथे खिडकी आहे, पंखा आहे. सगळे म्हणाले, ताईंना आता बरं पडेल. त्या पेट्या उघडत, वजनांवर ओरखडे आहेत का बघत, नोंदी करत. मी आत बसत असे. माझी रेघ सपाट यायची. मी चांगलं काम करत होते आणि मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

तीन महिन्यांनी मुख्यालयातून एक मसुदा आला. सगळ्या लॅबना पाठवायचं परिपत्रक: 'मोजणाऱ्याच्या शारीरिक उष्णतेचा परिणाम व उपाय'. ताईंचाच तक्ता, ताईंचाच नियम. नाव कुठेही नव्हतं. सोबतच्या चिठ्ठीत म्हटलं होतं, विषय नाजूक असल्याने संबंधित महिलेच्या सन्मानार्थ नाव गाळलं आहे. ज्या लॅबमध्ये हे काम झालं तिच्या अधिकृत स्वाक्षरीने मसुदा परत पाठवावा. म्हणजे माझ्या.

मी तो घेऊन पेट्यांच्या टेबलाशी गेले. ताईंनी हातमोजे काढले, चष्मा लावला, आणि चिठ्ठी वाचली. "सन्मानार्थ," त्या म्हणाल्या, आणि मसुदा वाचायला लागल्या. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. तिसऱ्यावर त्यांचं बोट थांबलं.

"हे दहा कुठून आलं?"

"काय?"

"दहा मिनिटं थांबावं असं लिहिलंय. अकरा आहे. मी अकरा लिहिलं होतं." त्यांनी भराभर मागची पानं चाळली. "तक्ता तर माझाच आहे. यात बघ ना, दहा मिनिटांनी सहा वेळा रेघ खाली आलेली नव्हती. सहा वेळा! एक्केचाळीसपैकी! हे कुणी केलं? कुणाला विचारून केलं?"

त्यांचा आवाज चढला होता. पेट्या उचलणारे दोघे थांबले. हिशेबनीस दारात आला. मी आठ वर्षांत ताईंचा असा आवाज ऐकला नव्हता.

"ताई, मी कळवते त्यांना. आजच कळवते."

"नाव काढलं, काढू दे. सही नाही दिली, नका देऊ. पण मिनिट का काढलं? ते मी बसून मोजलंय. एकटी बसून मोजलंय." आणि त्या रडायला लागल्या. तोंड न झाकता, मोठ्याने, पेट्यांच्या समोर. कुणालाच काय करावं ते कळेना. मीही हातभर अंतरावर उभी राहिले.

मी कळवलं. तक्ता जोडला, सहा ओळींखाली रेघा मारल्या. आठवड्याने उत्तर आलं. दहा हा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे आणि छपाईसाठी पानं गेलेली आहेत, तरी कृपया विनाविलंब स्वाक्षरी करावी. मग मुख्यालयातून फोन आला. मग दुसरा आला. दुसऱ्या फोनवर ते तपासनीस होते, तितक्याच हळू आवाजात, तुमची नेमणूक नवी आहे, एका मिनिटासाठी कशाला अडून बसता, असं म्हणाले.

मी मसुदा घेऊन पुन्हा ताईंकडे गेले. त्या एका पेटीची नोंद करत होत्या.

"ताई, सही करू का?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "सही तुझी आहे. मला कशाला विचारतेस?"

मी जागेवर आले. मला वाटलं होतं, निदान घाम तरी फुटेल. तसं काही झालं नाही. मी तारीख तपासली, अनुक्रमांक तपासला, पूर्ण नाव लिहिलं, सही केली आणि शिक्का मारला. आता ते परिपत्रक प्रत्येक लॅबच्या भिंतीवर आहे. त्यात दहा मिनिटं लिहिलंय.